साबुदाण्याची साक्ष

आमच्या शाळेत बसवलेल्या यंत्राचं खरं नाव लांबलचक आणि सरकारी आहे. मुलं त्याला ‘नोझी’ म्हणतात. मी घरी त्याला चोंबडं म्हणायचे, आणि अजूनही रागात असले की तेच तोंडात येतं. प्रत्येक बाकाच्या कडेला शर्टाच्या बटणाएवढी एक जाळी असते. मूल बाकावर बसलं की त्याचा उच्छ्वास त्या जाळीतून जातो, आणि पहिला तास संपेपर्यंत यंत्राला त्याच्याबद्दल बरंच काही कळलेलं असतं.

मी मंजिरी पोतनीस. ओहायोतल्या एका उपनगरात, हॅलोरन हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवते. शाळा सरकारी, म्हणजे गावकऱ्यांच्या घरपट्टीवर चालणारी. त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर प्रत्येकाला मत. फुटबॉलच्या मैदानावर नवे दिवे लावायचे तरी तीन सभा होतात, मग या यंत्रावर किती झाल्या असतील याची कल्पना करा. मी विरोधकांत होते. पोरांच्या श्वासात नाक खुपसायचं शाळेला काय कारण, असं मी माइक हातात घेऊन विचारलं होतं आणि टाळ्याही मिळवल्या होत्या.

कारण तसं साधं होतं. बाथरूममध्ये चोरून ई-सिगारेट ओढणारी मुलं पकडायची होती. पुढे एका हिवाळ्यात फ्लूची मोठी साथ आली आणि यंत्राने ताप चढायच्या आधीच आजारी मुलं हेरून दाखवली. तेव्हापासून त्याच्या विरुद्ध बोलणारे आम्ही कमी होत गेलो.

यामागचं शास्त्र मी दर वर्षी मुलांना शिकवते, तेव्हा इथेही थोडक्यात सांगते. आपण श्वास सोडतो त्यात शेकडो संयुगं अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात. जाळीच्या आत वेगवेगळ्या पदार्थांचा लेप दिलेल्या बारीक पट्ट्या आहेत. एखादं संयुग पट्टीला चिकटलं की तिच्यातून वाहणारी वीज किंचित बदलते, आणि त्या बदलांवरून संगणक ओळखतो की श्वासात काय काय आहे. आता, शरीराला खायला मिळालं नाही की साखर संपते आणि ते साठवलेली चरबी जाळायला घेतं. त्यात यकृतामध्ये कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात. त्यातलाच एक अ‍ॅसिटोन, आपण नेलपॉलिश पुसायला वापरतो तो. तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून बराच वेळ उपाशी असलेलं माणूस या यंत्रापासून लपत नाही.

माझा विरोध निम्मा गळून पडला तो याच गोष्टीमुळे. घरात खायला नसलेली मुलं कधी तसं बोलून दाखवत नाहीत. आता त्यांना नर्स काहीतरी निमित्त काढून बोलावते आणि गुपचूप नाश्ता देते. नववीतल्या एका मुलीचा मधुमेह या जाळीने पकडला, नाहीतर ती बेशुद्ध होऊनच दवाखान्यात गेली असती. चोंबडं असलं तरी कामाचं, असं मी मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

आणि मग त्याने शाल्मलीचं नाव काढलं.

शाल्मली देवस्थळी अकरावीत, माझ्या दुसऱ्या तासाला. शाळेत मी तिची ‘मिसेस पोतनीस’ आणि मराठी मंडळात ‘मंजिरीमावशी’. क्रॉस-कंट्रीच्या संघात पळायची. हुशार, अबोल, वहीच्या कोपऱ्यात फुलपाखरं काढणारी. तिची आई केतकी एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मंडळाची खजिनदार. बाई धडाडीची. तिने हातात घेतलेलं काम अडलेलं मी पाहिलेलं नाही.

शाल्मलीचं मंडळात फार कौतुक होतं, कारण ती उपवास करायची. इथे जन्मलेली पोरगी संकष्टी चुकवत नाही, म्हणजे काय! गणेशोत्सवात केतकीने स्टेजवरून सांगितलं, तेव्हा बाकीच्या आयांनी आपापल्या पोरांकडे असं काही पाहिलं की ती बिचारी समोसे हातात धरून थिजली. पुढे संकष्टीच्या जोडीला सोमवार आला, मग गुरुवार, मग दोन्ही एकादश्या. आठवड्यातले वार देवांनी वाटून घेतल्यासारखे झाले. केतकी म्हणायची, “मी सांगितलं नाही हं काही. तिचं तिलाच आतून येतं.”

समुपदेशक हॅसलर एके दिवशी माझ्या लॅबमध्ये आले. उंच, वाकलेला, फार सज्जन माणूस. म्हणाले, “मिसेस पोतनीस, देवस्थळींच्या मुलीचा अ‍ॅसिटोन ठरावीक दिवशी फार वर जातो, आणि ते दिवस वाढत चाललेत. मी आईला फोन केला. ती म्हणते, हा धर्माचा भाग आहे, आणि तिने वकिलाचंही नाव काढलं. तुम्ही बैठकीला याल का? माझ्याकडून अज्ञानाने काही चुकीचं व्हायला नको.”

त्यांची भीती खरी होती. आदल्या वर्षी रमजानच्या महिन्यात या यंत्राने रोजे धरणाऱ्या मुलांना रोज लाल, म्हणजे धोक्यात, दाखवलं, आणि रोज त्यांना ऑफिसात बोलावणी गेली. पालक चिडले, आणि बरोबर चिडले. तेव्हा शाळेने धार्मिक सवलत सुरू केली. आई-वडिलांनी सही केली की त्या मुलाच्या भुकेची नोंद यंत्र शाळा संपेपर्यंत घेत नाही. शाल्मलीची शाळा संपायला अजून जवळजवळ दोन वर्षं होती.

बैठकीच्या दिवशी केतकी तयारीनिशी आली. कोट, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर लढाई. मला पाहून मात्र तिने हात दाबला. “बरं झालं ताई, तुम्ही आहात. आपलं माणूस असलं की बरं पडतं.”

हॅसलर हळुवारपणे म्हणाले, “मला फक्त समजून घ्यायचंय. त्या दिवशी ती काहीच खात नाही, बरोबर?”

“अहो, नाही!” केतकी जवळजवळ हसली. “आम्ही काय मुलांना उपाशी मारतो? धान्य चालत नाही एवढंच. सकाळी दूध-केळं, आणि मी स्वतः पहाटे उठून डबा भरून देते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचे मोती असतात बघा. मंजिरीताई, तुम्ही सांगा ना यांना.”

मी सांगायला तोंड उघडलं. आदल्या रात्रीच मी मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं, परंपरा, संयम, शरीराला विसावा वगैरे. “साबुदाणा म्हणजे...” एवढं बोलले, आणि थांबले.

साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. पोटात गेला की थोड्याच वेळात त्याची साखर होते. बटाट्याचंही तेच. रक्तात साखर आली की यकृत कीटोन बनवणं आवरतं घेतं. आपण गमतीने ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतो, पण त्यातलं रसायनशास्त्र पक्कं आहे. मराठी पद्धतीने उपवास करणाऱ्या माणसाचा अ‍ॅसिटोन चढायचं काही कारणच नाही. शाल्मलीने तो डबा अर्धा जरी खाल्ला असता, तरी माझ्याच शाळेतलं ते चोंबडं दुपारी गप्प बसलं असतं. हॅसलरना उपवास म्हणजे रिकामं पोट एवढंच माहीत, त्यामुळे त्यांना सगळं पटत होतं. केतकीला खिचडी माहीत होती, कीटोन माहीत नव्हते. त्या खोलीत दोन्ही माहीत असलेली मी एकटीच होते.

केतकीने सवलतीच्या कागदावर सही करायला पेनचं टोपण काढलं होतं.

मी मराठीत म्हणाले, “केतकी, सही करू नकोस.”

“का?”

“डबा घरी येतो तेव्हा रिकामा असतो?”

“रिकामा? अहो, धुऊन आणते ती! स्वच्छ, पुसून. इतक्या शहाण्या मुली दाखवा मला.”

“कुठली पोरगी शाळेत डबा धुते गं?” मी म्हणाले, आणि मग जेवढं शास्त्र वर लिहिलंय तेवढं तिला चार वाक्यांत सांगितलं. हॅसलर आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते.

केतकीच्या गालांवर लाल डाग आले. “म्हणजे माझी मुलगी खोटं बोलते. देवाच्या नावावर. हे ते यंत्र म्हणालं असतं तर मी समजले असते. तुम्ही म्हणताय?”

“यंत्र काही म्हणत नाहीये. मीच म्हणतेय.”

तिने तो कागद घडी न घालता पर्समध्ये कोंबला. “संध्याकाळी घरी या. तुमच्या डोळ्यांदेखत खाईल ती. मग उद्या मी सही पाठवीन.”

“येते,” मी म्हणाले. “पण खाल्लं नाही, तर उद्या हॅसलरना मला सांगावंच लागेल. मी इथे शिक्षिका आहे.”

संध्याकाळी मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात जिऱ्याची फोडणी झाली होती. केतकीने मला बसायलाही सांगितलं नाही. शाल्मली सराव संपवून आली. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते आणि हिने जाड स्वेटर घातला होता. रोज दुसऱ्या तासाला समोर बसणारी मुलगी, पण मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. मनगटं केवढीशी झाली होती.

“मावशी? तू कशी काय?”

“बस,” केतकी म्हणाली आणि ताटली तिच्यासमोर ठेवली. मोकळी, वाफाळती खिचडी, वर खोबरं आणि कोथिंबीर. “खा.”

“आई, मी डब्यातली खाल्ली ना.”

“आणखी खा.”

शाल्मलीने चमचा घेतला. शेंगदाण्याचे तुकडे एका बाजूला केले, मिरच्या दुसऱ्या बाजूला. खिचडी ढवळली, पसरली, पुन्हा गोळा केली. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. वाफ गेली, दाणे एकमेकांना चिकटायला लागले.

“शाल्मली, खा.”

“आज उपवास आहे, आई.”

“अगं, हे उपवासाचंच आहे!”

तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चमचा खाली ठेवला. “आय कान्ट,” ती म्हणाली. मग मराठीत, जणू मराठीत सांगितलं तरच ते आईला कळणार होतं, “मला नाही खाता येत. मी ट्राय करते. नाही येत.”

मग हळूहळू सगळं निघालं. नववीत संघात आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, हलकं असलं की जोरात पळता येतं. एकदा दुपारचं जेवण सोडलं, त्या आठवड्यात ती जोरात पळाली. मग थांबताच येईना. डबा ती जिमच्या मागच्या कचऱ्याच्या डब्यात रिकामा करायची आणि लॉकर रूममध्ये धुवायची.

“पण मग देवाचं नाव कशाला?” केतकीचा आवाज चिरकला. “मला सांगायचं ना, भूक नाही म्हणून!”

“भूक नाही म्हटलं की तू मागे लागायचीस. उपवास म्हटलं की तू खूश व्हायचीस.” शाल्मली रडत नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. “तू सगळ्यांना सांगायचीस. स्टेजवरसुद्धा. त्या दिवशी मी दोन दिवस काही खाल्लं नव्हतं, आणि सगळे टाळ्या वाजवत होते.”

केतकीने ओट्याची कड धरली. मला तिची फार दया आली. जगातल्या कुठल्याही आईला एवढं एका दमात ऐकावं लागू नये. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, आरतीला ही डोळे मिटून उभी राहायची, आणि मी हिच्याकडे बघून डोळे पुसायचे. मला वाटायचं, माझ्या हातून काहीतरी चांगलं झालंय.”

ती लेकीजवळ गेली आणि त्या जाड स्वेटरसकट तिला पोटाशी धरलं. ताटली तिनेच उचलून बाजूला ठेवली. खा असं पुन्हा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी स्वतः शाळेत आली आणि हॅसलरसमोर उभी राहून म्हणाली, “हा उपवास नाही. माझी मुलगी आजारी आहे. मला तुमची सवलत नकोय, मदत हवीय.” ज्या बाईने वकिलाची धमकी दिली होती तिला हे म्हणणं किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. मंडळातही तिने लपवलं नाही. काही जणींनी ‘अरेरे’च्या आड नाकं मुरडली, पण दोघी जणी तिला बाजूला घेऊन आपापल्या मुलींबद्दल विचारायला लागल्या.

डॉक्टर आले, आहारतज्ज्ञ आली, आठवड्यातून दोनदा मानसोपचार सुरू झाले. पळणं बंद झालं, आणि त्यावर शाल्मली खूप रडली. दुपारचं जेवण तिने माझ्या लॅबमध्ये, माझ्यासोबत बसून करायचं असं ठरलं. आणि ज्याला केतकी कोर्टात खेचायला निघाली होती, तेच यंत्र आता तिला फार प्रिय झालं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याचा निरोप तिच्या फोनवर यायचा, हिरवा, पिवळा किंवा लाल. ती मीटिंगमध्ये फोन उलटा ठेवायची, पण डोळे त्याच्यावरच. संध्याकाळी शाल्मली दारात पाय ठेवते न ठेवते तोच, “आज पिवळा का?”

इकडे शाल्मली बाकावर मान वळवून बसायला शिकली, श्वास जाळीत जाऊ नये म्हणून. मला वर्गात ते दिसायचं. आई पोलीस झाली होती आणि लेक चोर, आणि मधे ते बटण.

एकदा जेवताना ती मला म्हणाली, “मावशी, आईला मी घरी यायच्या आधीच सगळं माहीत असतं. ती मला काही विचारतच नाही. शी आस्क्स द फोन.”

“हे तिला सांग.”

“तू सांग ना.”

“मी नाही सांगणार. माझं नाक तुमच्या घरात बरंच खुपसून झालंय.”

तिने सांगितलं. चार दिवसांनी केतकीचा मला फोन आला. “ताई, मी शाळेला कळवलंय, आकडे फक्त नर्सला जाऊ द्या. काही धोका असला तर ती बोलावेल. मला नकोत.” मग थोडं थांबून, “मला खूप भीती वाटतेय. तेव्हाही मला काही दिसत नव्हतं. आता पुन्हा दिसणार नाही.”

तिला धीर द्यावा असं एखादं वाक्य मला सुचलं नाही. “मलाही वाटतेय,” मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. एवढी वर्षं या यंत्राला शिव्या घालणारी मी, त्या रात्री मला वाटलं की येऊ द्यावेत आकडे.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची सुट्टी. बाहेर कॉरिडॉरमध्ये लॉकर आपटल्याचे आवाज चालले होते. मी माझा डबा संपवला. शाल्मलीने तिचा उघडला नव्हता. पोळी-भाजी होती आत, सकाळी केतकीने पाठवलेली. मी हवामान, गृहपाठ, सगळे विषय काढून पाहिले. ती झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत बसली होती. सक्ती करायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

तिचा फोन वाजला. तिने टेबलावरच स्पीकर लावला.

“शाल्मली?” केतकीचा आवाज. मागे कुणीतरी प्रिंटर चालवत होतं. “अगं, सहज केला. जेवलीस का?”

शाल्मलीने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावरून तिने उत्तर ठरवू नये म्हणून मी मान खाली घातली. ‘हो’ म्हणायला तिला काहीच लागणार नव्हतं. दोन वर्षं तिने ते इतक्या सफाईने म्हटलं होतं. आणि आता पलीकडे पडताळून बघायला आईकडे कुठला रंग नव्हता, तिच्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं.

“नाही,” शाल्मली म्हणाली. “आज नाही जमलं, आई.”

पलीकडे प्रिंटर चालूच होता. मी श्वास रोखून धरला. आता ती म्हणेल, का नाही, काय झालं, डॉक्टर काय म्हणाले होते.

“बरं,” केतकी म्हणाली. आवाज ओला होता, पण घाबरलेला नव्हता. “सांगितलंस ते बरं केलंस गं. मी येऊ का तिकडे? दोघी बसू.”

शाल्मलीचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला.

“ये,” ती म्हणाली.

मी उठून बाहेर गेले आणि ऑफिसला कळवलं, देवस्थळी मॅडम येतायत, पुढचं दार उघडून ठेवा.